बरगडीचा कान

मी प्लास्टिक सर्जन आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या नाकाकडे पाहतो. नाक बसकं आहे, जन्मापासून तसंच आहे. ते मी कोणाकडून नीट करून घेतलेलं नाही हे दिसलं की त्याचा माझ्या विद्येवरचा अर्धा विश्वास तिथंच उडतो. उरलेला अर्धा पुढच्या प्रश्नात जातो, ‘मॅडम, ते प्लास्टिक किती वर्षं टिकते?’ मी मूळची अकोल्याची, उमेदीची सगळी वर्षं अमरावतीत गेली, बोलणं पक्कं वऱ्हाडी. त्यामुळे उत्तरंही तशीच देत आले. प्लास्टिक तुमच्या घरच्या बादलीत असते बाप्पा, माझ्याकडे नाही.

माझं काम सोप्या भाषेत सांगायचं तर, माणसाचं जे गेलं ते त्याच्याच अंगातून काढून त्याला परत द्यायचं. मांडीची कातडी हातावर, कपाळाची नाकावर. थ्रेशरमध्ये हात गेलेले, स्टोव्हनं भाजलेल्या, कॅन्सरनं चेहऱ्याचा तुकडा नेलेले, अशी माणसं माझ्याकडे येत. सिनेमातली एकही बाई कधी आली नाही. आता माझ्या बोटांचे सांधे आखडलेत, बारीक टाका धरवत नाही, म्हणून मी शस्त्रक्रिया बंद केल्या. संपादक म्हणाले, बाई, गमतीदार केसेस लिहा. गमतीदार आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलं की एकच माणूस पुढे येऊन उभा राहतो आणि बाकीच्यांना सरकायला सांगतो.

आधी कानाबद्दल सांगते. चेहऱ्यावर बनवायला सगळ्यांत अवघड काय, तर कान. नाक एक उंचवटा आहे. कानाला किती घड्या, किती खळगे, किती काठ, ते आरशात एकदा नीट पाहा. आपण आयुष्यभर त्याच्याकडे पाहत नाही. तो गेला की मात्र सगळं गाव तिथंच पाहतं. ऐकायचं यंत्र आत असतं, ते बहुधा शाबूत राहतं. जातो तो बाहेरचा कान, म्हणजे माणसाच्या नजरेतला कान.

अकोल्याचे एक निवृत्त मास्तर होते. कातडीच्या कॅन्सरमुळे त्यांचा डावा कान काढावा लागला होता. मी त्यांना फोटो दाखवून कसा आकार येईल, कशी उठावदार कड दिसेल, असं बरंच समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘मॅडम, मले या वयात सुंदर दिसून कोणाले दाखवायचं हाय? चष्मा टांगाले खुंटी पाहिजे फक्त.’ खुंटी झाली. चष्मा बसला. पुढे त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चष्मा गेला, तेव्हा मुद्दाम दवाखान्यात येऊन विचारून गेले, ‘आता या खुंटीवर काय टांगू?’ मास्तर पुष्कळ जगले.

मंगेश जगला नाही. त्याचंच सांगायचं आहे.

वरूडजवळच्या गावचा हा पोरगा, वय पंचविशीच्या आसपास, संत्र्याच्या पॅकिंगच्या शेडवर कामाला. जन्मतःच त्याच्या अंगात रंग नव्हता. कातडी गुलाबी, केस कणसाच्या तुऱ्यासारखे, डोळे उजेडात मिचमिचे आणि सारखे हलणारे. काही माणसांच्या शरीरात रंग तयारच होत नाही, तसं हे होतं. आजार नाही, संसर्ग नाही. पण आपल्या सगळ्यांना ऊन सोसायला जी सावळी साय मिळालेली असते, ती त्यांना नसते. वऱ्हाडातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. गावात त्याला सगळे भुऱ्या म्हणत. तोही स्वतःला भुऱ्याच म्हणायचा.

पहिल्यांदा आला तेव्हा डोक्याला दुपट्टा गच्च बांधलेला होता आणि दोन्ही कान बाहेर. उजव्या कानाची वरची कड खपलीनं खाल्लेली, काठ जाड आणि ओले. त्यानं आधी हळद लावली होती, मग मेडिकलवरून आणलेलं मलम लावलं होतं, खपली पडायची आणि परत धरायची.

मी पाहताक्षणी चिडले. म्हटलं, ‘सगळं डोकं झाकलं, अन् कान काहून उघडे ठेवले रे? आपल्याकडची म्हातारी माणसंसुद्धा कानावरून दुपट्टा घेतात.’

तो म्हणाला, ‘बाई, मले दिसत नाई ना दूरचं. मांगून गाडी आली का ट्रॅक्टर आला, कानानंच समजते. कान झाकले तं मी रस्त्यावर आंधळाच होतो.’

डोळ्यांचं काम कानावर टाकलं होतं, म्हणून कान उन्हात ठेवले होते, आणि उन्हानं नेमका तोच घेतला. मी त्याला उन्हात जाऊ नको, टोपी घाल, मलम लाव, असं सांगणारी हजारावी बाई असेन. पण कान उघडे का, हे बहुतेक कोणी विचारलंच नव्हतं.

तुकडा तपासायला पाठवला. कातडीचा कॅन्सर निघाला. मी त्याला आणि त्याच्या आईला समोर बसवलं आणि सांगितलं की कानाचा वरचा बराच भाग काढावा लागेल, भोवतालची थोडी चांगली कातडीही काढावी लागेल, नाहीतर मुळं आत राहतात. आई पदरानं डोळे पुसू लागली. मंगेशनं जरा विचार केला आणि मला विचारलं, ‘बाई, लग्नात कोणता कान पिळतेत?’

आमच्या घरी लग्नं बुद्धवंदनेनं लागतात, कानपिळी नसते. मला खरंच ठाऊक नव्हतं. मी बाजूला उभ्या सिस्टरकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘उजवा, मॅडम. नवरीचा भाऊ पिळतो. म्हणतो, बहिणीले नीट ठेव. मंग त्याले कपडे द्या लागते.’

मंगेश म्हणाला, ‘थोच तं चालला.’

तेव्हा कळलं की पोराचं लग्न जमत होतं. शेडवर वैशाली नावाची मुलगी संत्री निवडायला होती. त्याला ती आधी नुसत्या आवाजानंच माहीत होती. चेहरा नीट दिसला तो फार नंतर, ती जवळ येऊन बोलायला लागली तेव्हा. ‘मी बाई आवाज पाहूनच पसंत केली,’ असं तो सांगायचा आणि स्वतःच लाजायचा. तिनं घरी स्वतः सांगितलं होतं. वडील नव्हते, थोरला भाऊ सचिन घर चालवत होता, आणि सचिनला हे फारसं पसंत नव्हतं. भुऱ्या आहे, डोळ्यांनी अधू आहे, एवढं त्यानं कसंबसं गिळलं होतं. त्यावर आता हे.

मी मंगेशला सोपा रस्ता सांगितला. सिलिकॉनचा कान मिळतो. हुबेहूब दिसतो, गोंदानं चिकटवायचा, रात्री काढून ठेवायचा. कॅन्सरनंतर पुष्कळदा तोच बरा, कारण खाली परत काही उगवलं तर लवकर दिसतं. आम्हा डॉक्टरांना तो फार आवडतो.

‘अन् साळ्यानं पिळला तं?’ मंगेश म्हणाला. ‘मांडवात कान त्याच्या हातात यीन. पाच गावचे लोकं हासतीन. नाई बाई. माह्याच हाडामासाचा पाहिजे.’

तो हसत होता, पण मला हसू आलं नाही. जन्मभर जो पोरगा कुठंही गेला की आधी लोकांच्या बघण्यातून जातो, त्याला मांडवात एक दिवस इतर नवऱ्यांसारखं उभं राहायचं होतं, आणि साळ्यानं जसा कोणाचाही पिळावा तसा त्याचा कान पिळावा, एवढंच त्याचं मागणं होतं. मी म्हटलं, करू. पण आधी काढू, रिपोर्ट येऊ दे, मग निदान वर्षभर वाट पाहू. परत आलं नाही तरच नवा कान. आणि पोरीकडच्यांना सगळं सांग.

‘मी सांगतलं तं कमी करून सांगीन,’ तो म्हणाला. ‘तुमी पुरं सांगा.’

असा पेशंट मी दुसरा पाहिला नाही. कान काढून झाल्यावर, काठ स्वच्छ असल्याचा रिपोर्ट आल्यावर, वैशाली आणि सचिन माझ्या दवाखान्यात आले. वैशाली ठेंगणी, बोलकी, खुर्चीच्या काठावर बसलेली. सचिन दाराशी उभा, बस म्हटलं तरी बसेना. मी पुरं सांगितलं. कान बनेल. आजार परत येणार नाही असं मी म्हणू शकत नाही.

सचिननं विचारलं, ‘परत आला तं?’

‘तर मानेत येऊ शकतो. तेव्हा कठीण असतं.’

मग वैशाली म्हणाली, ‘बाई, कान झाला का लगन करू आमी. मी थांबतो तवरिक.’ आमच्याकडच्या बायाही बोलता बोलता ‘मी करतो, मी जातो’ म्हणतात. तिनं मागं वळून भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

सचिन भिंतीकडेच पाहत होता. म्हणाला, ‘पिळाले कान तं पाहिजे.’ तेवढाच त्याचा होकार होता.

वर्ष सरलं. काही उगवलं नाही. मग मी कान बनवायला घेतला. कसा बनवतात ते सांगते. चांगल्या कानावर पारदर्शक फिल्म ठेवून रेघ काढायची. मी त्यासाठी जुन्या एक्स-रेची फिल्म धुऊन वापरायची. ती उलटी केली की दुसऱ्या बाजूच्या कानाचा नकाशा मिळतो. छातीच्या खालच्या बरगड्यांना पुढे कूर्चा असते, म्हणजे हाडाच्या टोकाची ती पांढरी, कोवळी, लवचीक जागा. ती काढायची आणि नकाशाप्रमाणे कोरायची. खालचा पाट वेगळा, वरची कड वेगळी, बारीक तारेनं बांधायची. मग हा कोरलेला कान कातडीखाली सरकवायचा आणि आतली हवा ओढून घ्यायची, की कातडी त्याच्यावर चापून बसते आणि एकेक घडी वर दिसायला लागते. तो क्षण मला कायम आवडत आला. काही महिन्यांनी दुसऱ्या वेळी तो मागून सोडवून डोक्यापासून उभा करायचा, आणि मागच्या उघड्या जागेवर मांडीची कातडी लावायची.

त्यानंतर चिंता एकच, रक्त पोचतं की नाही. ते पाहायची रीत साधी आहे. बोटानं हलकेच दाबायचं. दाबल्यावर जागा पांढरी पडते. बोट काढलं की लाली परत आली पाहिजे. आली की कान जिवंत. सावळ्या कातडीवर हे पाहायला डोळे ताणावे लागतात. मंगेशच्या बिनरंगी कातडीवर ते इतकं स्वच्छ दिसायचं की वॉर्डातल्या शिकाऊ मुलामुलींना मी तिथंच शिकवलं. दाब, सोड, पाहा. तो म्हणायचा, ‘मले फुकटात सायेबानं काळा फळा करून टाकलं.’ सायेब म्हणजे मी.

खोटी नम्रता कशाला, तो कान मी आयुष्यात केलेला सगळ्यांत चांगला कान होता. कड सुरेख वळली होती, खालची पाळी त्याची स्वतःचीच राहिली होती, जोड कुठं ते मलाही शोधावं लागायचं. पहिल्यांदा आरशात पाहताना त्यानं आरसा नाकाला टेकेल इतका जवळ घेतला. त्याला तसंच पाहावं लागायचं. मग मान तिरपी करून कितीतरी वेळ पाहत राहिला. म्हणाला, ‘बाई, हा तं डाव्यापेक्षा बरा झाला.’

घोळ झाला तो लग्नाच्या तारखेचा. दुसरी शस्त्रक्रिया होऊन मागची कातडी जेमतेम धरली होती आणि मंगेशच्या आईनं येऊन सांगितलं की तारीख काढली. बागांचा माल सुरू झाला की शेडवरून कोणालाच सुट्टी मिळत नाही, म्हणून त्याच्या आधी. मी म्हटलं, आणखी थोडं थांबा. ती म्हणाली, ‘माय, आणखी किती थांबवू त्या पोरीले? लोकं बोलून राहिले.’ तिचं खोटं नव्हतं. मी सचिनला फोन करून बजावलं, ‘कानाला हात लावायचा नाही. ओढला, पिरगाळला तर मागची कातडी सुटेल, आतली कूर्चा उघडी पडेल, आणि सगळं जाईल. समजलं?’ तो म्हणाला, ‘समजलं.’

लग्नाला मी गेले. मांडवात कूलर लावले होते तरी घामाच्या धारा होत्या. मंगेश फेटा बांधून, काळा चष्मा लावून बसला होता आणि फेटा त्यानं मुद्दाम उजव्या कानाच्या वर सारला होता. कानपिळीची वेळ आली. सचिनला पुढे ढकललं. बाया गाणं म्हणायला लागल्या, पोरं मोबाइल घेऊन वाकली. मंगेशनं मान तिरपी करून कान पुढे केला.

सचिननं हात वर नेला आणि गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यानं कानाजवळच्या हवेत दोन बोटं पिरगाळली. लोक हसले, कोणीतरी म्हणालं, ‘अबे, भेतं का भुऱ्याले?’ सचिनचा चेहरा उतरला. जे म्हणायचं असतं तेही तो म्हणाला नाही. कपडे घेऊन मागं सरकला.

मंगेशची मान अजून तिरपीच होती. त्याला नीट दिसत नव्हतं, त्यामुळे होऊन गेलं हे त्याला लोकांच्या हसण्यावरूनच कळलं. जेवताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘हवेचा कान पिळला बाई त्यानं.’ मी म्हटलं, ‘जखम पक्की होऊ दे, भाऊबीजेला तो येईल तेव्हा पिळून घे.’ त्यानं ते मनावर घेतलं. माझ्या हातून काही चुकलं नव्हतं. आजही मी तेच सांगेन. पण सगळं बरोबर करूनही एखादी गोष्ट छातीत रुतून बसते, तशी ती बसली आहे.

भाऊबीजेपर्यंत त्याच्या मानेत, कानाच्या खाली, गाठ आली होती. तेल लावताना ती वैशालीच्या हाताला लागली. माझ्याकडे आला तेव्हा मी गाठीवर बोट ठेवलं आणि मला सगळं कळलं. त्यालाही कळलं. वैशाली मात्र माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. नागपूरला पाठवलं. मानेची मोठी शस्त्रक्रिया झाली, रेडिएशनचे शेक झाले. शेकताना कानाला जपा म्हणून मी तिथल्या डॉक्टरला वेड्यासारखे फोन केले. कान जपला गेला. आजार छातीत उतरला.

शेवटी तो अमरावतीत, माझ्या ओळखीच्या वॉर्डात होता. माझं तिथं काही काम नव्हतं. तरी सकाळी चक्कर टाकायची. अंगाची काडी झाली होती, श्वासाला नळी होती, गुलाबी रंग उतरून राखेसारखा झाला होता. एका सकाळी गेले तर सचिन आलेला होता. पलंगापाशी उभा, हातात संत्र्याची पिशवी. वैशाली पायथ्याशी बसली होती.

मंगेशनं माझा आवाज ओळखला. म्हणाला, ‘बाई, आता हात लावू द्या त्याले. आता तं पक्का झाला ना?’

मी म्हटलं, ‘पक्का झाला.’

‘सचिनभाऊ, पिळा.’

सचिन म्हणाला, ‘राहू द्या ना भाऊजी.’

‘पिळा ना. मांडवात फसवलं मले.’

सचिननं पिशवी खाली ठेवली. पँटला हात पुसला आणि माझ्या त्या कानाची वरची कड दोन बोटांत धरली. हळूच पिरगाळली.

‘असं नाई,’ मंगेश म्हणाला. ‘जे म्हणत असतेत थे म्हना.’

सचिन मोठा धिप्पाड माणूस, कड तशीच धरून तो पलंगावर वाकला. कसंबसं म्हणाला, ‘माह्या बहिणीले नीट ठेवा.’

‘ठेवतो,’ मंगेश म्हणाला.

सचिननं हात काढला आणि तोंड फिरवून रडायला लागला. मी रडले नाही. सवय वाईट असते, माझं लक्ष कानाकडे होतं. बोटांच्या जागी दोन पांढरे ठसे उमटले होते. मी पाहत राहिले. त्या राखेच्या रंगाच्या माणसाच्या अंगावर एवढीच एक जागा हळूहळू लाल होत गेली, भरून आली, थेट कडेपर्यंत.

वैशाली उठून माझ्याजवळ आली. ती माझ्या नजरेचा अर्थ लावत होती, जशी गाठीच्या दिवशी लावत होती. तिनं विचारलं, ‘बाई, कान चांगला हाय ना?’

मी म्हटलं, ‘हो माय. कान एकदम चांगला आहे.’